भरती जिथे संपते तिथे बाजार: कोकणातल्या खाड्या समजून घेताना

महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. कोकणातल्या या जुन्या बाजारपेठा नकाशावर शोधल्या तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. यातलं एकही गाव समुद्रकाठी नाही. समुद्र गाठायला प्रत्येक ठिकाणाहून २०, ३०, कुठे ४० किलोमीटर जावं लागतं. तरीही शतकानुशतकं गलबतांचा माल इथे उतरत होता आणि इथून बैलांच्या पाठीवर घाट चढत होता. आता दुसरी यादी करा: जुलैत जोराचा पाऊस झाला की बाजारात कमरेएवढं पाणी शिरल्याच्या बातम्या कुठून येतात? महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. दोन्ही याद्या एकच आहेत, आणि त्याला कारण आहे. ते कारण खाडीत आहे.

खाडी म्हणजे बुडालेलं खोरं

नदी समुद्राला मिळते ती जागा म्हणजे खाडी, असं शाळेत शिकवतात. ते खरं आहे, पण अपुरं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, पृथ्वीवरचं बरंच पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या वेळी सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आजच्या किनाऱ्याच्या बऱ्याच पुढपर्यंत वाहत होत्या आणि त्यांनी खोल दऱ्या कोरल्या होत्या. बर्फ वितळलं, समुद्र वर आला, आणि या दऱ्यांच्या खालच्या भागात पाणी शिरून राहिलं. म्हणून कोकणातली खाडी नागमोडी असते, दोन्ही बाजूंना डोंगर थेट पाण्यात उतरलेले असतात, आणि तिचा तळ कित्येक किलोमीटर आतपर्यंत समुद्राच्या पातळीच्या खाली असतो.

सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात बहुतेक ठिकाणी ५० किलोमीटरच्या आसपासच अंतर आहे. नदी पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये हजार-आठशे मीटर खाली कोसळते आणि उरलेला प्रवास जवळपास सपाटीवर करते. या सपाट भागात समुद्र आत येतो. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काजळीची भाट्ये, मुचकुंदीची पूर्णगड, अर्जुनेची जैतापूर, वाघोटणची विजयदुर्ग, त्याखाली कर्ली आणि तेरेखोल. उत्तरेकडे वैतरणा, उल्हास, अंबा नदीची धरमतर, कुंडलिकेची रेवदंडा. नाव बहुतेकदा मुखावरच्या गावाचं किंवा किल्ल्याचं, पाणी मात्र वरच्या नदीचं.

प्रत्येक खाडीत एक जागा अशी असते जिथे तळ हळूहळू चढत भरतीच्या पातळीला येऊन भिडतो. त्यापुढे भरती जात नाही. खाली चिखल आणि तिवर (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं), वर दगडगोटे आणि वाहतं गोडं पाणी. जुन्या बाजारपेठा नेमक्या या जागेवर आहेत.

भरतीचं घड्याळ

हे समजायला भरती-ओहोटीचा हिशोब नीट माहीत हवा. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे आज सकाळी ८ वाजता पूर्ण भरती असेल तर उद्या सकाळी ती ९ वाजायला दहा मिनिटं कमी असताना येईल. रोज सुमारे ५० मिनिटांचा हा उशीर चंद्रामुळे आहे, म्हणून तिथी माहीत असेल तर घड्याळ मांडता येतं.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. दुपारी ३ आणि पहाटे ३ च्या सुमारास भरती. अष्टमीला ६ वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला, १५ धरून, सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच नियम. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा, कारण तिथी आणि घड्याळाचा दिवस एका वेळी सुरू होत नाहीत. होडी न्यायची किंवा पोहायला उतरायचं असेल तर त्या बंदराचं छापील भरती-कोष्टकच बघावं. पण कोष्टक हाताशी नसताना हा पाऊणपटीचा हिशोब आजही चोख चालतो.

भरती सगळ्या दिवशी सारखी नसते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. हे उधाण. सप्तमी-अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी कमी हलतं. त्याला भांग म्हणतात. एक बारकावा नवख्यांच्या नजरेतून सुटतो: सर्वांत मोठं उधाण पौर्णिमेच्या दिवशीच येतं असं नाही, ते एक-दोन दिवस मागून, द्वितीयेच्या सुमारास येतं.

उत्तरेकडे जावं तशी भरती मोठी होते. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या पुढे जातो, मालवण-वेंगुर्ल्याकडे तो साधारण २ मीटर. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ फार दूरवर पसरलेला आहे आणि पुढे खंभातच्या आखातात किनारा निमुळता होत जातो. उथळ आणि अरुंद जागेत शिरणारं पाणी उंच होतं. म्हणून खार जमिनीची शेती आणि मिठागरं यांचा मोठा पसारा ठाणे-रायगडकडे आहे, तळकोकणात तो लहान.

मुखावर भरती पूर्ण झाली म्हणजे आत झाली असं नसतं. पाण्याला आत पोचायला वेळ लागतो. ३०-४० किलोमीटर आतल्या गावी पूर्ण भरती मुखापेक्षा तास-दोन तास उशिरा येते. खाडीकाठच्या प्रत्येक गावाला आपला उशीर ठाऊक असतो. पावसाळ्यात नदीचं पाणी भर घालतं, त्यामुळे ओहोटी लांबते आणि तिला ओढ येते, भरती आखूड आणि दुबळी होते.

सहा तासांचा रस्ता

आता गलबताच्या तांडेलाच्या, म्हणजे गलबत हाकणाऱ्याच्या, जागी उभं राहा. दाभोळच्या मुखातून आत शिरायचं आहे. मुखावर वाळूचा उंचवटा असतो, कारण नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने ढकललेली वाळू तिथे एकमेकींना अडवतात. ओहोटीला तिथे पाणी उथळ असतं, आणि बाहेर जाणारा प्रवाह समोरून येणाऱ्या लाटांवर आदळतो तेव्हा लाट उभी होऊन फुटते. होडी उलटण्याची ही सर्वांत धोक्याची जागा. म्हणून शिरायचं ते चढत्या भरतीला. एकदा आत आलं की भरतीचं पाणीच गलबत पुढे नेतं. वारा नसला तरी चालतं. चिपळूणजवळचा गोवळकोटचा धक्का इथून सुमारे ४० किलोमीटर. एका भरतीत जितकं जमेल तितकं जायचं, ओहोटी लागली की नांगर टाकून थांबायचं, पुढच्या भरतीला उरलेलं अंतर कापायचं. परत जाताना ओहोटी धरायची. म्हणजे येणं-जाणं दोन्ही फुकटात. रस्ते नसलेल्या डोंगराळ मुलखात एवढं वजन इतक्या स्वस्तात हलवणारं दुसरं काहीच नव्हतं.

जिथे भरती संपते तिथे गलबताचा प्रवास संपतो. तिथे माल उतरवावा लागतो, गोदाम लागतं, सावकार लागतो, बैलांचे तांडे लागतात. पेठ उभी राहते ती यातून. पुढे घाट. म्हणून प्रत्येक मोठ्या खाडीला तिच्या जोडीचा घाट आहे. कल्याणच्या खाडीला नाणेघाट, जुन्नरकडे जाणारा, जिथे सातवाहनांचा लेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण उभा आहे. चौलला बोरघाट, ज्याच्या माथ्यालगत कार्ले-भाजे लेणी आहेत. महाडला वरंधा, भोरकडे. चिपळूणला कुंभार्ली, कऱ्हाडकडे. राजापूरला अणुस्कुरा, कोल्हापूरकडे. खारेपाटणला फोंडा आणि बावडा. लेणी, किल्ले आणि शिलालेख कुठे सापडतात हे या जोड्यांवर ठेवून बघा, पुष्कळशी कोडी सुटतात. खारेपाटणसारख्या आज आडबाजूच्या वाटणाऱ्या गावात शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा, ताम्रपट सापडला, त्याचं नवल मग वाटत नाही.

खाडी हा रस्ता असेल तर मुख हा त्याचा दरवाजा. दरवाजावर पहारा हवाच. बाणकोट, दाभोळजवळचा गोपाळगड, जयगड, पूर्णगड, जैतापूरच्या मुखाजवळचा यशवंतगड, विजयदुर्ग, तेरेखोल: सगळे खाडीच्या मुखावर बसलेले आहेत. यांना आपण सरसकट समुद्री किल्ले म्हणतो, पण यातल्या पुष्कळांचं मुख्य काम खाडीत शिरणाऱ्यावर नजर ठेवणं आणि जकात घेणं हे होतं. राजपुरी खाडीच्या तोंडाशी जंजिरा सिद्दीच्या हातात होता, तोवर त्या खाडीतला व्यापार त्याच्या मर्जीवर होता. शिवाजी महाराजांनी समोरच पद्मदुर्ग उभारला तो याच कोंडीवर उपाय म्हणून. राजापूरच्या इंग्रज वखारीवर १६६१ मध्ये त्यांनी छापा घातला, तेव्हाही मराठ्यांची फौज खाडीच्या शेवटच्या टोकाला, पेठेवर आली होती.

विजयदुर्गाचं उदाहरण खाडीचं बळ आणि खाडीचा धोका दोन्ही दाखवतं. किल्ल्यामागे वाघोटणची खोल खाडी आहे. वादळात आरमार आत घ्यायला अशी जागा दुसरी नाही. जवळच गिर्ये इथे खडक फोडून केलेली मराठा आरमाराची गोदी आजही दिसते. तिचं तंत्र भरतीवरच चालायचं: उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरू द्यायचं, तोंड बंद करायचं, आणि कोरड्या जागेत तळ खरवडून डागडुजी करायची. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचं आरमार चालून आलं तेव्हा किल्ला ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्यांची जहाजं याच खाडीत एकमेकांना लागून उभी होती. एकाला आग लागली आणि सगळं आरमार जळालं. एकच तोंड असलेली जागा जितकी सुरक्षित, तितकीच कोंडणारी.

बंदरं मेली कशी

सोपारा हे कोकणातल्या सर्वांत जुन्या बंदरांपैकी एक. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तिथे सापडले आहेत आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथल्या स्तूपाचं उत्खनन केलं. आज नालासोपाऱ्यात उभं राहून इथे जहाजं येत होती हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. वसईची खाडी आणि वैतरणा यांच्यामधली ती पाणवाट गाळाने भरत गेली. चौलचंही तेच. राजापूरलाही वरच्या भागात पात्र गाळाने उथळ झालं.

गाळ कुठून येतो? कोकणात वर्षाचा सुमारे २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो. डोंगरउतारावर झाडी असेल तर पाणी मुरतं. उतार उघडा पडला की माती थेट नदीत येते. नदीला उतारावर जोर असतो, ती माती, वाळू, गोटे सगळं ओढून आणते. सपाटी लागली आणि समोरून भरती आली की तिचा वेग एकदम मोडतो, आणि वाहून आणलेलं ओझं ती तिथेच टाकते. कुठे? भरती जिथे संपते तिथे. म्हणजे बंदराच्या धक्क्यासमोर. ज्या जागेने पेठ जन्माला घातली, गाळही त्याच जागी साचतो.

शेवटचा धक्का आगबोटींनी दिला. शिडाच्या उथळ गलबताला दोन मीटर पाणी पुरत होतं, आगबोटीला खोल पाणी हवं. व्यापार मुंबईकडे सरकला. मग रस्ते आले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. रेल्वे उत्तर-दक्षिण धावते, खाड्या पूर्व-पश्चिम. हजार-दोन हजार वर्षं कोकणाचा व्यवहार आडवा होता, समुद्राकडून घाटाकडे. तो आता उभा झाला आहे, मुंबईकडून गोव्याकडे. पूर्वी जी खाडी रस्ता होती ती आता अडथळा झाली, जिच्यावर पूल बांधायचा. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले इथे गाड्यांसकट माणसं नेणारी फेरीबोट चालते, ती जुन्या तरीची वारस आहे. तिने वाचणारा वळसा मोजला की कळतं खाडी केवढी आत घुसलेली आहे.

खार जमीन: समुद्राकडून उसनी घेतलेली शेती

अलिबाग, पेण, पनवेलकडचा खारेपाट हा खाडी समजून घेण्याचा सर्वांत चांगला वर्ग आहे. इथली भातशेती उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणजे बांध नसेल तर महिन्यातून दोनदा शेतात खारं पाणी येईल.

बांध खाडीच्याच चिखलाचा करतात. ही चिकणमाती पाणी फार कमी झिरपू देते. माती थराथराने टाकून तुडवायची, खाडीकडचा उतार पसरट ठेवायचा म्हणजे लाट चढून विरते, आणि जिथे लाटेचा मारा थेट आहे तिथे दगडी फरसबंदी. उंची सर्वांत मोठ्या उधाणापेक्षा पुरेशी वर, कारण पावसाळ्यात वाऱ्याने लाट आणखी चढते. माती काढायचा खड्डा बांधाच्या पायथ्यापासून दूर हवा. जवळ खणलं की पायथा सुटतो आणि बांध आतल्या आत घसरतो.

बांधाला उघाडी असते. हा या सगळ्या रचनेचा प्राण. बांधातून जाणाऱ्या मोरीला खाडीच्या बाजूने झडप लावलेली, बिजागरी वरच्या कडेला. भरती आली की बाहेरचं पाणी झडप दाबून बंद करतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आत साठलेलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, इंजिन लागत नाही. पण झडपेत लाकडाचा ओंडका, प्लास्टिक किंवा दगड अडकला की ती अर्धवट उघडी राहते आणि पुढच्याच भरतीला खारं पाणी आत. उघाडीसमोर गाळ साचला तरी झडप उघडत नाही आणि शेत पावसाच्या पाण्यात बुडतं.

बांध फुटतो तो बहुतेकदा तीन कारणांनी. उन्हाळ्यात चिकणमाती आकसते आणि भेगा पडतात, पहिल्या उधाणाचं पाणी त्या भेगांत शिरतं. खेकडे बिळं करतात, पाणी बिळातून वाट काढतं आणि बीळ रुंदावतं. आणि समोरची तिवरं तोडली गेली की लाटेचा सगळा मार थेट बांधावर येतो. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड एक-दोन भरत्यांच्या आत बुजवली तर थोडक्यात निभावतं. तशीच राहिली तर प्रत्येक ओहोटीला बाहेर धावणारं पाणी तिची रुंदी आणि खोली वाढवत जातं, आणि मग मूठभर माणसांच्या हातची गोष्ट राहत नाही. बांध एका घराचा असूच शकत नाही. दहा जणांची शेतं आत असतात, एकाने हयगय केली तर नऊ बुडतात. म्हणून ही शेती गावाने मिळूनच सांभाळली, आणि १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदाही याच कामासाठी आहे.

भात कसं पिकतं? पहिल्या पावसाचं पाणी शेतात भरून साठवायचं, त्यात मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं. दोन-तीन वेळा असं धुतलं की वरची माती भाताला सोसवेल इतकी गोडी होते. रोपवाटिका वरच्या गोड्या जमिनीत करतात, कारण कोवळ्या रोपाला मीठ सोसत नाही. रोप जरा जून झालं की लावायचं. काही ठिकाणी मोड आलेलं बी चिखलावर फेकतात, ती रहू पद्धत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून ‘पनवेल’ मालिकेतल्या क्षार सहन करणाऱ्या जाती आल्या आहेत. पीक मात्र एकच. पाऊस संपला की ऊन वरची माती सुकवतं, खालचं खारं पाणी वातीतल्या तेलासारखं वर चढतं आणि पृष्ठभागावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. डिसेंबरात त्या शेतात दुसरं काही उगवणं अवघड. गावच्या तळ्यांत मात्र जिताडा वाढतो. हा मासा खारं आणि गोडं दोन्ही पाणी सोसतो.

अशा कष्टाने सोडवलेल्या जमिनीत कुळाच्या हाती काय उरत होतं, हा प्रश्न याच खारेपाटात पेटला. अलिबागजवळच्या चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ मध्ये खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं. हा संप १९३९ पर्यंत चालला. खोतीची पद्धत रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

मिठागर हे खार शेतीचं उलटं रूप. शेतकरी मीठ धुऊन काढतो, आगरी ते साठवतो. ‘आगर’ हा मिठागराचा शब्द, त्यावरून आगरी. उधाणाचं पाणी तळ्यात घेतात, मग उथळ वाफ्यांच्या रांगेतून पुढे सरकवत आटवतात. समुद्राच्या १,००० लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून सुमारे ३५ किलो, त्यातलं खाण्याचं मीठ २७ किलोच्या आसपास. पाणी आटून साधारण दहावा हिस्सा उरलं की मिठाचे खडे धरू लागतात. त्याआधीच चुन्याचे क्षार, मुख्यतः जिप्सम, बसून जातात, म्हणून आधीचे वाफे आणि मिठाचे वाफे वेगळे ठेवतात. आणि अगदी शेवटपर्यंत आटवायचं नाही, कारण मग मॅग्नेशियमचे क्षार बसतात, मीठ कडवट होतं आणि हवेतला ओलावा ओढून पाझरतं. ते उरलेलं दाट पाणी सोडून देतात. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून इतका घट्ट करतात की मीठ ओढताना चिखल वर येऊ नये. एका अवकाळी सरीने आठवड्याचं काम विरघळतं. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो अशाच मिठागरांवर.

तिवर, मासा आणि माणसं

खाडीकाठच्या चिखलात हवा नसते. तिवराची मुळं म्हणून पेन्सिलीसारखी चिखलातून वर येऊन श्वास घेतात. कांदळ आधारमुळांवर उभा राहतो आणि त्याचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं, खाली पडलं की भाल्यासारखं चिखलात रुततं. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. या झाडांच्या मुळांत कोळंबी, बोय, काळुंदर, चिंबोरी यांची पिल्लं वाढतात. तिवरं तोडली की पहिल्यांदा लाकूड मिळतं, मग दोन-तीन वर्षांनी जाळं हलकं येऊ लागतं.

मासेमारीही खाडीच्या भागाप्रमाणे बदलते. मुखाजवळ, मोकळ्या पुळणीवर रापण ओढतात. मधल्या भागात ओहोटीच्या प्रवाहाला तोंड करून पिशवीसारखी जाळी लावतात. वर उथळ पाण्यात पागेर फेकतात. ओहोटीला बाया कालवं फोडतात, तिसऱ्या आणि खुबे वेचतात. उत्तरेला कोळी, रत्नागिरीत खारवी, सिंधुदुर्गात गाबीत, खाड्यांच्या काठी दालदी आणि वरच्या पाण्यात भोई, अशी जुनी वाटणी. अरब व्यापाराबरोबर आलेल्या वस्त्यांमुळे खाडीकाठाला मोहल्ला आणि वाडी शेजारीशेजारी दिसतात. खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात, म्हणून नकाशावर जुवे नावाची गावं भेटतात. आणि खाडी ओलांडली की बोली बदलते: संगमेश्वरीपासून मालवणीपर्यंतचा बदल खाडीगणिक ऐकू येतो, कारण समोरच्या काठाशी सोयरीक करण्यापेक्षा आपल्याच काठाने वर जाणं सोपं होतं.

सांडपाण्याबद्दल एक गैरसमज काढायला हवा. नदीत सोडलेली घाण खाली वाहून जाते, खाडीत तसं होत नाही. ओहोटीला ती खाली जाते आणि पुढच्या भरतीला बरीचशी परत येते. उन्हाळ्यात नदीचा रेटा नसतो तेव्हा तीच घाण त्याच पट्ट्यात दिवसेंदिवस झुलत राहते. म्हणून मासे मरण्याच्या घटना उन्हाळ्यात जास्त.

पूर का येतो

आता पहिल्या प्रश्नाकडे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडालं. सावित्री उगम पावते त्या महाबळेश्वरला त्या वेळी २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. दोन दिवसांवर पौर्णिमा होती, म्हणजे उधाण जवळ आलेलं. नदीचं पाणी भरती संपते त्या जागी पोचतं, तिथे उतार संपलेला असतो, पुढे गाळाने उथळ झालेलं पात्र, आणि समोरून चढणारी भरती. बाहेर पडायला वाट नाही, तर पाणी बाजूला पसरतं. बाजूला बाजार आहे. शिवाय या गावांत दुसरी नदी येऊन मिळते: चिपळुणात वाशिष्ठीला शिव नदी, महाडला सावित्रीला काळ आणि गांधारी, संगमेश्वरला शास्त्रीला सोनवी, राजापूरला अर्जुनेला कोदवली. मुख्य नदी फुगली की लहान नदीचं पाणी मागे ढकललं जातं आणि ते गल्ल्यांतून वर येतं. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेलं पाणीही येतं, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती असते.

गाळ काढला की पूर थांबेल, असं सरसकट बोललं जातं. गाळ काढण्याने पात्राची वाहण्याची ताकद वाढते, छोटे पूर निश्चित आटोक्यात येतात. पण भरतीची पातळी गाळ काढून खाली जात नाही. उलट खालच्या खाडीत भरमसाट वाळू उपसली तर काठ ढासळतात आणि खारं पाणी आणखी वर शिरतं, विहिरी खाऱ्या होतात. हातपाटीने काढलेली वाळू आणि यंत्राने ओढलेली वाळू यांत म्हणूनच फरक आहे. गाळ वर, संगमाजवळच्या भागात काढायचा, खाली मुखापर्यंत पाण्याला मोकळी वाट ठेवायची, काढलेला गाळ काठावर न टाकता दूर न्यायचा (काठावरचा गाळ पहिल्याच पावसात परत पात्रात येतो), आणि मुख्य म्हणजे नदीला पसरायला लागणारी सखल शेतं आणि खाजणं (भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदली) भराव घालून बुजवायची नाहीत. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी पाळली जाणारी आहे.

खाडीकाठी घर किंवा जागा घ्यायची असेल तर चार गोष्टी बघाव्यात. आषाढ-श्रावणातल्या उधाणाला पाणी कुठवर येतं ते शेजारच्या जुन्या घरांना विचारा, आणि जोतं त्या खुणेच्या वर घ्या. विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखा, ऑगस्टात नाही, कारण पावसाळ्यात प्रत्येक विहीर गोडी असते. जागेत तिवर, मारांडी (खाडीकाठचं काटेरी झुडूप) किंवा मिठाचा पापुद्रा दिसला तर ती खाडीची जमीन आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो. शिवाय कांदळवन तोडायला आणि त्याच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला उच्च न्यायालयाची मनाई आहे. आणि जवळच्या खार बांधाची उघाडी शोधून ओहोटीच्या वेळी तिच्यासमोर दहा मिनिटं उभं राहा. झडप उघडून पाणी बाहेर पडत असेल तर मागचं गाव बांधाची निगा राखतं आहे.